क्रॉनिक ओटायटिस एक्सटर्ना: नोट वाचण्यापासून कोड पक्का करण्यापर्यंत

डॉक्टरांच्या नोटमधल्या असेसमेंटमध्ये, म्हणजे निदानाच्या भागात, "क्रॉनिक ओई" (क्रॉनिक ओटायटिस एक्सटर्ना, म्हणजे कानाच्या बाहेरच्या नळीचा जुनाट दाह) एवढंच दिसलं की बरेच कोडर (निदानाला ठरलेले कोड देणारे) एच६०.६३, म्हणजे दोन्ही कानांचा कोड, टाकून पुढच्या चार्टकडे वळतात. ऑडिटला बसले की नेमके हेच चार्ट माझ्यासमोर येतात. एखाद्यात आजार एकाच कानाला असतो, एखाद्यात बुरशी असते, तर एखाद्यात 'क्रॉनिक' हा शब्द जुन्या नोटमधून तसाच चिकटवलेला असतो. कोड सगळ्यांना पाठ असतात. नोट पूर्ण वाचायच्या आधीच कोड ठरतो, तिथे गाडी घसरते.

हा लेख अमेरिकेतल्या चार्टवर आयसीडी-१०-सीएम ही आजारांच्या कोडची यादी वापरून काम करणाऱ्यांसाठी आहे. नोट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी आणि स्क्राइबनी (डॉक्टरांसाठी नोंद टिपणाऱ्यांनी) किमान टप्पा २ आणि टप्पा ९ तरी वाचावेत, कारण निम्म्या दुरुस्त्या त्यांच्या हातात आहेत.

## टप्पा १: योग्य यादी उघडा

ही पायरी क्षुल्लक वाटते, म्हणूनच ती चुकते. जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० आणि अमेरिकेची आयसीडी-१०-सीएम या दोन वेगळ्या याद्या आहेत. मूळ यादीत एच६०.६ हा कोडच नाही. तिथे नुसता 'क्रॉनिक ओटायटिस एक्सटर्ना' एच६०.८ मध्ये जातो. आयसीडी-१०-सीएममध्ये मात्र त्याला एच६०.६- (रेघेच्या जागी पुढची अक्षरं येतात) ही स्वतःची जागा आहे आणि एच६०.८- हा 'इतर' प्रकारांसाठी आहे. इंटरनेटवर शोधताना मूळ यादी समोर आली आणि त्यावरून एच६०.८ टाकला, असं मी कितीतरी नवीन कोडरच्या बाबतीत पाहिलं आहे.

त्यानंतर सेवेची तारीख बघा. कोडचं नवं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि कधीकधी १ एप्रिललाही बदल येतात. क्लेम (विमा कंपनीकडे पैशांची मागणी) आज पाठवत असलात तरी कोड रुग्णाला तपासलं त्या दिवशी लागू असलेल्या यादीतलाच हवा.

इंडेक्स (आजाराच्या नावावरून कोड शोधायची सूची) आणि टॅब्युलर लिस्ट (कोडच्या क्रमाने लावलेली पूर्ण यादी) दोन्ही उघडी ठेवा. नुसत्या इंडेक्सवरून कोड टाकलात तर 'एक्सक्लूड्स' (इथे काय धरत नाहीत) आणि 'कोड फर्स्ट' (आधी कोणता कोड द्यायचा) या सूचना नजरेतून सुटतात, आणि या आजारात सगळा खेळ त्याच सूचनांचा आहे.

तपासा: कोडची अक्षरं पूर्ण आहेत का? एच६०.६ एवढ्यावर क्लेम जात नाही, पाचवं अक्षर लागतंच. एच६०.८ ला सहा अक्षरं लागतात आणि पाचव्या जागी एक्स भरावा लागतो, उदाहरणार्थ उजव्या कानासाठी एच६०.८एक्स१.

## टप्पा २: 'क्रॉनिक' हा शब्द कुणाचा आहे, ते शोधा

वैद्यकीय व्यवहारात बाह्यकर्णदाह साधारण तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकला की त्याला क्रॉनिक म्हणतात. पण हा हिशेब डॉक्टरांनी करायचा, आपण नाही. रुग्ण म्हणाला, "दोन वर्षांपासून कानाला खाज आहे," आणि स्क्राइबने ते हिस्टरीत उतरवलं, तर ती रुग्णाची तक्रार झाली. निदान असेसमेंटमध्ये लागतं. तिथे नुसतं "ओटायटिस एक्सटर्ना, उजवा कान" असेल तर कोड एच६०.९१ होतो, हिस्टरीत काहीही असो.

'वारंवार होणारा' आणि 'क्रॉनिक' हे दोन शब्दही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दर पावसाळ्यात चार दिवस कान सुजतो आणि मध्ये पूर्ण बरा असतो, अशा रुग्णाच्या चार्टवर एच६०.६- आला तर तो कायमचा क्रॉनिक रुग्ण होऊन बसतो. डॉक्टरांनी 'रिकरंट' लिहिलं असेल आणि तपासणीत कातडी जाड झाल्याचं वर्णन असेल, तर अंदाज बांधू नका, क्वेरी (डॉक्टरांना लेखी प्रश्न) पाठवा.

क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही. "हे क्रॉनिक आहे का? हो म्हणालात तर कोड बदलता येईल," असं लिहिणं चूक आहे. पैशाचा उल्लेख तर क्वेरीत येताच कामा नये. मी साधारण असं लिहिते:

"दिनांक अमुकच्या नोटमध्ये दोन्ही कानांच्या नळीची कातडी जाड आणि कोरडी असल्याचं, तसंच लक्षणं आठ महिन्यांपासून असल्याचं नमूद आहे. असेसमेंटमध्ये 'ओटायटिस एक्सटर्ना' आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार आजाराचं स्वरूप कृपया स्पष्ट करावं: अक्यूट, क्रॉनिक, क्रॉनिकवर अक्यूट, अन्य (लिहावं), सांगता येत नाही."

पुरावा त्यांच्याच नोटमधला आणि निवड त्यांची. शेवटचे दोन पर्याय गाळलेत की ती क्वेरी ढकलाढकलीची ठरते.

सावधान: बाह्यरुग्ण विभागात 'प्रोबेबल', 'सस्पेक्टेड', 'रूल आउट', 'कन्सिस्टंट विथ' असं लिहिलेलं निदान कोड करत नाहीत. "क्रॉनिक ओटायटिस एक्सटर्ना असावा" अशी नोंद असेल तर त्या दिवशी फक्त लक्षणाचा कोड टाकता येतो.

## टप्पा ३: कारण लिहिलं आहे का?

एच६०.६- चं पूर्ण नाव 'अनस्पेसिफाइड क्रॉनिक ओटायटिस एक्सटर्ना' आहे. कारण सांगितलेलं नाही, असं तो कोड स्वतःच सांगतो. म्हणून तिथे शेवटी पोहोचायचं असतं. त्याआधी पुढच्या शक्यता एकेक करून बाजूला काढा.

बुरशी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू. डॉक्टरांनी 'कॅन्डिडल ओटायटिस एक्सटर्ना' लिहिलं तर बी३७.८४ हा एकच कोड पुरेसा असतो. सोबत एच६२.४- लावू नका, टॅब्युलर लिस्टमधला 'एक्सक्लूड्स१' ते चालू देत नाही. बी३७.८४ मध्ये बाजूसाठी अक्षर नाही, त्यामुळे कोणता कान हे नोटमध्येच नीट असायला हवं. ॲस्परजिलसचं नाव घेतलं असेल तर बी४४.८९. नुसतं 'ओटोमायकोसिस' (कानातली बुरशी) लिहिलं असेल तर आधी बी३६.९ आणि मग एच६२.४-. हा क्रम उलटला की क्लेम परत येतो, कारण एच६२ मधले कोड दुसऱ्या आजाराचं कानातलं रूप सांगतात आणि पहिल्या जागी बसूच शकत नाहीत.

जिवाणू. डॉक्टरांनी 'इन्फेक्टिव्ह' म्हटलं असेल तर एच६०.३- बघा, आणि त्यांनी जिवाणूचं नाव निदानाशी जोडलं असेल तर सोबत बी९५ किंवा बी९६ मधला कोड द्या. स्यूडोमोनससाठी बी९६.५. लॅब रिपोर्टवर नाव दिसलं, पण डॉक्टरांनी त्याबद्दल काहीच लिहिलं नाही, तर ते नाव आपण उचलायचं नाही.

ॲलर्जी, संपर्क, एक्झिमा. एच६०.५- मधले कॉन्टॅक्ट आणि एक्झिमॅटॉइड हे कोड 'अक्यूट' (नुकत्याच उद्भवलेल्या आजाराच्या) गटातले आहेत. नोटमध्ये 'क्रॉनिक एक्झिमॅटस' लिहिलेलं असताना एच६०.५४- टाकला तर 'क्रॉनिक' आपणच पुसून टाकला असं होतं. दुसरीकडे, जुना आजार असताना निओमायसिनच्या थेंबांनी कातडी नव्याने भाजल्यासारखी झाली आणि डॉक्टरांनी तसं जोडून लिहिलं, तर तो अक्यूट कॉन्टॅक्टचा प्रसंग आहे. तेव्हा एच६०.५३-, त्यानंतर औषधाच्या दुष्परिणामासाठी टी४९.६एक्स५ए, आणि जुना आजार चालू असल्याचं लिहिलं असेल तर एच६०.६- सुद्धा.

त्वचेचे आजार. सोरायसिस किंवा सेबोऱ्हिक डर्मटायटिस कानातही उतरतो. टाळूवर सोरायसिस आणि कानात खाज, अशी जोडी दिसली म्हणून संबंध लावू नका. तो डॉक्टरांनी लिहायला हवा.

मॅलिग्नंट ओटायटिस एक्सटर्ना. नावात मॅलिग्नंट असलं तरी हा कॅन्सर नाही. हाडापर्यंत जाणारा हा गंभीर संसर्ग मधुमेहाच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांत जास्त दिसतो. 'नेक्रोटायझिंग' हा शब्दही इंडेक्सवरून इथेच, म्हणजे एच६०.२- वर आणतो. मधुमेही रुग्ण आणि कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) स्यूडोमोनस, एवढ्यावरून कोडरने हे निदान गृहीत धरू नये. शंका आली तर त्याच दिवशी क्वेरी पाठवा.

याशिवाय कानाच्या नळीतला कोलेस्टिॲटोमा किंवा केराटोसिस ऑब्ट्युरन्स (दोन्हींत मेलेली कातडी नळीत साचते) एच६०.४- मध्ये जातो, आणि दाहामुळे नळी अरुंद झाली असेल तर एच६१.३२- वेगळा लागतो. पाणी मधल्या कानातून येत असेल तर प्रकरणच दुसरं, तिथे एच६६ कडे जायचं.

## टप्पा ४: कोणता कान?

एच६०.६१ उजवा, एच६०.६२ डावा, एच६०.६३ दोन्ही. एच६०.६० म्हणजे कान नमूद नाही. सहा अक्षरी कोडमध्ये मात्र 'नमूद नाही'साठी शेवटी ९ येतो, ० नाही: एच६०.८एक्स९, एच६०.५०९. वेगात टाइप करताना हे हमखास चुकतं.

बाजू शोधताना तपासणीचा भाग शब्दन् शब्द वाचा. "दोन्ही पडदे नॉर्मल" हे टेम्प्लेटमधलं वाक्य पाहून दोन्ही कानांचा कोड टाकलेले चार्ट मी परत पाठवले आहेत. ते वाक्य पडद्याबद्दल बोलतं, नळीच्या दाहाबद्दल नाही. डॉक्टरांनी बाजू लिहिलीच नसेल तर सध्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती रुग्णाची काळजी घेणाऱ्या इतर क्लिनिशियनच्या नोंदीतून घेता येते. नर्सची नोंद उजवा म्हणते आणि डॉक्टरांची डावा, असं झालं तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तपासा: दोन्ही कानांना एकच आजार आहे का? उजवीकडे क्रॉनिक आणि डावीकडे अक्यूट असेल तर कोड दोन येतात.

## टप्पा ५: क्रम आणि जोडीचे कोड

'क्रॉनिकवर अक्यूट' असं लिहिलेलं असेल तर दोन्ही कोड द्या आणि अक्यूट आधी ठेवा. इंडेक्समध्ये 'एक्सटर्ना'खाली 'अक्यूट' आणि 'क्रॉनिक' एकाच पातळीवर आहेत, म्हणून हा नियम लागू होतो. अक्यूटचा प्रकार सांगितला नसेल तर उजव्या कानासाठी एच६०.५०१ आणि मग एच६०.६१.

कान दुखणं (एच९२.०-) आणि कानातून पाणी येणं (एच९२.१-) ही याच आजाराची नेहमीची लक्षणं आहेत. निदान पक्कं झाल्यावर त्यांचे कोड वेगळे टाकत नाहीत. ऐकू कमी येणं तसं नाही; त्याचं निदान लिहिलं असेल तर त्याचा कोड वेगळा लागतो.

मधुमेहाचा त्या दिवशीच्या उपचारावर परिणाम झाला असेल तर त्याचा कोड द्या. पण कानाचा दाह मधुमेहामुळेच, असा संबंध आपण लावायचा नाही, तो डॉक्टरांच्या शब्दांत हवा. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला झेड९७.४ द्यायला विसरू नका. यंत्राचा साचा रोज नळीत बसत असेल तर दाह का हटत नाही, हे पुढच्या डॉक्टरला त्या एका कोडवरून कळतं.

## टप्पा ६: कान साफ केला, मग प्रोसिजर कोणता?

६९२१० हा सीपीटी कोड (डॉक्टरांनी केलेल्या कामाचा कोड) घट्ट बसलेला मळ उपकरणाने काढण्यासाठी आहे. त्याला 'इम्पॅक्टेड सेरुमेन' अशी नोंद आणि एच६१.२- चा आधार लागतो. क्रॉनिक ओटायटिस एक्सटर्नात नळीतून निघतो तो बहुधा कातडीचा कोंडा, पू किंवा बुरशीचा थर असतो. तो मळ नव्हे. तो सक्शनने काढला म्हणून ६९२१० लावून एच६०.६- शी जोडला, तर क्लेम नाकारला जाणं योग्यच आहे.

दुसरी चूक याहून मोठी आहे. 'डिब्राइडमेंट' (मेलेली कातडी, घाण काढणं) हा शब्द दिसला की काहीजण ६९२२० टाकतात. तो कोड मॅस्टॉइडच्या (कानामागच्या हाडाच्या) शस्त्रक्रियेनंतर उरलेली पोकळी साफ करण्यासाठी आहे. शस्त्रक्रिया झालेली नसेल तर तो लागू होत नाही.

मळ खरोखरच घट्ट असेल तर नोटमध्ये या गोष्टी दिसायला हव्यात: मळ कुठल्या कानात, त्यामुळे काय अडलं, काढायला कोणतं उपकरण वापरलं, आणि काढल्यावर नळी व पडदा कसे दिसले. नुसतं पाणी मारून काढला असेल तर ६९२०९. एकाच कानासाठी हे दोन कोड एकत्र येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली असेल तर ९२५०४ चा विचार करता येतो, पण तो मुख्य प्रोसिजरच्या कोडसोबत चालतो की त्यातच धरला जातो, हे त्या पेयरच्या (विमा कंपनीच्या) एडिटमध्ये, म्हणजे क्लेम तपासायच्या नियमांत, पाहूनच ठरवा.

सावधान: त्याच दिवशी भेटीचा कोड आणि मॉडिफायर २५ (भेट वेगळी धरा असं सांगणारी जोड) लावायचा असेल तर भेटीतलं काम साफसफाईपेक्षा वेगळं आणि ठळक असायला हवं. "कान साफ केला, पुन्हा या," एवढ्याच नोंदीवर २५ टिकत नाही.

## टप्पा ७: भेटीची पातळी ठरवताना 'क्रॉनिक'चा अर्थ बदलतो

इथे अनुभवी लोकही अडखळतात. निदानासाठी तीन महिने हा ढोबळ निकष झाला. पण सीपीटीच्या ई/एम (भेटीची पातळी ठरवायच्या) नियमांत 'क्रॉनिक' आजार म्हणजे जो किमान एक वर्ष किंवा आयुष्यभर राहील अशी अपेक्षा आहे. म्हणून एच६०.६- टाकला की भेट आपोआप 'क्रॉनिक इलनेस'च्या रकान्यात गेली, असं समजू नका. चार महिन्यांपासूनचा बुरशीचा दाह महिन्याभरात बरा होईल असं डॉक्टर लिहीत असतील, तर तो त्या रकान्यात बसवणं कठीण आहे.

'स्टेबल' या शब्दाचीही तीच गत. ई/एममध्ये स्टेबल म्हणजे उपचाराचं उद्दिष्ट साधलेलं. गेल्या वेळेइतकीच खाज आणि तेवढाच ओलावा असेल, तर फरक पडलेला नसला तरी तो आजार स्टेबल धरत नाहीत. डॉक्टरांनी "अजून कान कोरडा होत नाही, उद्दिष्ट गाठलेलं नाही, औषध बदलत आहे," असं एक वाक्य लिहिलं की पातळी ठरवणं सोपं होतं.

## टप्पा ८: एक चार्ट हातात घेऊन

तपासणी अशी आहे: "उजवी नळी: कातडी जाड, कोरडे पापुद्रे, मार्ग किंचित अरुंद, पडदा दिसतो, शाबूत. डावी नळी: ओलसर पांढरा थर, सक्शननंतर पडदा दिसला, शाबूत. थराचा नमुना फंगल कल्चरला पाठवला." असेसमेंट: "१. क्रॉनिक ओटायटिस एक्सटर्ना. २. डाव्या कानात ओटोमायकोसिस, कॅन्डिडा असावा." दोन्ही कानांत श्रवणयंत्र.

घाईत पाहिलं तर एच६०.६३ आणि बी३७.८४. दोन्ही चुकीचे.

'कॅन्डिडा असावा' हा अंदाज आहे, त्यामुळे बी३७.८४ आज नाही. डाव्या कानासाठी बी३६.९ आणि त्याखाली एच६२.४२. क्रॉनिकच्या निदानाला बाजू दिलेली नाही. जुनाट बदलांचं वर्णन उजव्या नळीचं आहे, पण डाव्या कानातही बुरशीखाली जुना दाह असू शकतो. म्हणून एकच क्वेरी: "निदान क्रमांक १ कोणत्या कानाचं आहे: उजवा, डावा, दोन्ही, अन्य, सांगता येत नाही?" उत्तर 'उजवा' आलं तर एच६०.६१. वर झेड९७.४. 'मार्ग किंचित अरुंद' हे वर्णन आहे, स्टेनोसिसचं निदान नाही, तेव्हा एच६१.३२१ नाही. ६९२१० नाही, कारण मळाचा उल्लेखच नाही.

नंतर कल्चर आलं, डॉक्टरांनी पुढच्या भेटीत 'कॅन्डिडल' असं लिहिलं, की त्या भेटीसाठी बी३७.८४. मागच्या भेटीचा कोड मागे जाऊन बदलत बसू नका.

## टप्पा ९: पुढच्या भेटींच्या नोंदी

या टप्प्यावर मला सर्वात जास्त काळजी वाटते. एका चार्टमध्ये सलग पाच भेटींत "क्रॉनिक ओई, स्टेबल, थेंब चालू" हेच वाक्य होतं, एक स्वल्पविरामही न बदलता. सहाव्या भेटीत दुसऱ्या डॉक्टरांनी नळीत ग्रॅन्युलेशन (लालसर मांसल वाढ) पाहिलं आणि बायोप्सी घेतली. कानाच्या नळीचा कॅन्सर सुरुवातीला जुनाट दाहासारखाच दिसू शकतो. आधीच्या पाच नोंदींत वेदना वाढली का, रक्त आलं का, थेंबांनी काही फरक पडला का, यातलं काहीच नव्हतं. ती माहिती चार्टमध्ये असती, तर पुढच्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागली नसती.

म्हणून प्रत्येक भेटीत डॉक्टरांनी त्या दिवसापुरतं लिहावं: कोणता कान, पडदा दिसला की नाही आणि भोक आहे का (थेंब निवडताना याचा थेट संबंध येतो), कोणतं औषध किती दिवस दिलं आणि काय परिणाम झाला, वेदना, रक्त, ग्रॅन्युलेशन, चेहऱ्याच्या नसेचा अशक्तपणा आहे की नाही. बायोप्सी झाली असेल तर अहवाल येऊन डॉक्टर निदान लिहीपर्यंत कॅन्सरचा कोड टाकायचा नाही. अहवाल येईपर्यंत थांबता येत नसेल, तर त्या दिवशी पक्कं माहीत असलेलं तेवढंच कोड करा.

आजार बरा झाल्याचं लिहिलं असेल तर एच६०.६- तिथेच थांबवा. प्रॉब्लेम लिस्टमध्ये (चार्टमधल्या आजारांच्या यादीत) नाव उरलं आहे म्हणून सर्दीसाठी आलेल्या रुग्णाला हा कोड लावू नका. लिस्टमधली नोंद बंद करायची विनंती डॉक्टरांना पाठवा, आणि क्वेरी व तिचं उत्तर तुमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे चार्टसोबत जपून ठेवा.